घाटातला माईक

सोपानच्या हातात माईक द्यायला नको होता, एवढंच त्याच्या बायकोचं, साळुबाईचं म्हणणं. पण गावच्या यात्रेत बैलगाड्यापुढं घोडी पळवणारा पुतण्या पप्पू ऐन वेळी पाय मुरगळून बसला, आणि सोपानची लेक हर्षाली कुणाला न विचारता घोडीवर चढली. शर्यतीच्या घाटात त्यांच्या गाड्याची बारी, म्हणजे फेरी, पहिली आली. मग निवेदकानं बापाच्या हातात माईक देऊ नये, तर काय करावं?

एरवी हाच बाप कसा, ते ऐका. पोरगी अवसरीला इंजिनिअरिंग शिकते, तर गुमान तेवढंच शिकावं. हिला सुट्टीत ढोलपथक पाहिजे, पंपाच्या मोटारी खोलायला पाहिजेत, घोडीही पाहिजे. "एक ना धड, भाराभर चिंध्या," हे सोपान रोज भाकरीला तोंडी लावायचा. मंचरला जपानी भाषेचा क्लास लावू का, असं तिनं विचारलं, तेव्हाही हेच म्हणून त्यानं विषय मिटवला होता.

आणि आता तोच माणूस अख्ख्या घाटाला सांगत होता, "घोडीचं काय घिऊन बसलाय, राव? माझी हर्षाली जळालेल्या मोटारीत नवी तार भरती. ढोल वाजवती." इथं थांबला असता तर निभलं असतं. पण टाळ्या पडल्या, आणि टाळ्यांची चटक वाईट. "आन जपानी बोलती!"

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारचा दादाभाऊ जळालेली मोटार घेऊन दारात हजर. ते ठीक होतं, हर्षाली पान्हे घेऊन बसली. मग नारायणगावचे द्राक्षांचे व्यापारी धरमचंदशेठ गाडीतून उतरले.

"सोपानराव, देवासारखे बोललात काल. आज जपानी पाहुणा येतोय माझ्या बागेत, आणि दुभाषी पुण्यातच आजारी पडलाय. माल पसंत पडला तर दरसाल त्यांच्याकडे जाईल. हर्षालीला पाठवा."

सोपान तांब्याभर पाणी प्यायला आणि लेकीला गोठ्याकडं घेऊन गेला.

"आण्णा, मला जपानी येत नाय."

"हळू बोल. थोडंबी न्हाई?"

"क्लासला कोण नाय म्हनलं व्हतं?"

मागून साळुबाई म्हणाली, "आवो, घाटात नाक वर करून आलात ना, आता त्येच नाक घिऊन शेटकडं जावा."

"मी येते," हर्षाली म्हणाली, "पण खरं सांगणार."

बागेत पोचल्या पोचल्या तिनं खरं सांगून टाकलं. "शेठ, मला जपानी येत नाही. आण्णा भरात बोलून गेले." धरमचंदनं सोपानकडं असं पाहिलं की सोपानला द्राक्षाच्या वेलीआड जावंसं वाटलं. नाकाचं जाऊ द्या, पोरीचं नाव आपणच बुडवलं, हे त्याच्या जिव्हारी लागलं.

तेवढ्यात बागेत फवारणीचा ब्लोअर घरघरला आणि बंद पडला. सगळे शेठकडं बघत होते, शेठ सोपानकडं, आणि आधीच येऊन थांबलेला जपानी पाहुणा तेवढा ब्लोअरकडं. तो सरळ जाऊन वाकला. हर्षालीही वाकली. तिनं पान्हा मागायच्या आत त्यानं पुढं केला, त्यानं बोट दाखवायच्या आत तिनं नोझल खोललं. दोघं कोपरापर्यंत काळे झाले, एकमेकांना आपापल्या भाषेत सूचना देत होते, आणि कुणाचंच अडत नव्हतं. ब्लोअर सुरू झाला तेव्हा दोघांच्या अंगावर औषधाचा फवारा आला आणि पाहुणा पोट धरून हसला.

मग त्यानं मोबाइल काढला, तोंडापाशी धरून बोलला. मोबाइलमधली बाई त्याचं बोलणं हिंदीत म्हणाली, "यह इंजीनियर किस कंपनी की है?"

"कंपनी न्हाई," सोपान पुढं आला, "माझी लेक हाय." आज माईक नव्हता, तरी बागेच्या पलीकडं ऐकू गेलं.

मोबाइलवरच बोलत त्यांनी बाग हिंडून पाहिली. माल पसंत पडला. निघताना पाहुण्यानं सांगितलं, आमचा शेतीयंत्रांचाही कारखाना आहे, शिक्षण झाल्यावर हिनं तिथं शिकायला यावं. फक्त आधी भाषा शिकावी.

परतताना सोपाननं गाडी मंचरला थांबवली. हर्षालीचं नाव लिहून घेत क्लासच्या बाई म्हणाल्या, "एक जण कमी पडतोय हो, तेवढ्यानं बॅच अडलीय."

"माझं नाव घाला," सोपान म्हणाला.

हर्षाली बघतच राहिली. "आण्णा, तुमी?"

"का? भाराभरात अजून एक चिंधी."

पुढल्या यात्रेला हर्षालीच घोडीवर होती, आणि बारी पुन्हा पहिली. निवेदक माईक घेऊन सोपानकडं निघाला, तसं साळुबाईनं मधेच तो काढून लेकीच्या हातात दिला. आता तरी धोका नाही, असं तिला वाटलं.

"घोडीचं काय घिऊन बसलाय, राव?" हर्षाली म्हणाली. "माझे आण्णा जपानी बोलत्यात!"

सगळा घाट वळून सोपानकडं बघू लागला. वर्षभरात त्याला नमस्कार, पाणी आणि बैल एवढे तीनच शब्द आले होते.

"खरं का, सोपानभाऊ?" दादाभाऊनं विचारलं.

सोपाननं टोपी सारखी केली. "आता पोरगी सांगती," तो म्हणाला, "म्हंजी खरंच आसंल."