भिंतीपलीकडचा संगणक

रविवारी दुपारी साडेचार वाजता विनायकराव भालेरावांच्या लिनक्स संगणकावर क्लिपबोर्ड वाटून घेण्याचं एक मोफत सॉफ्टवेअर बसलं. एका संगणकावर कॉपी केलेला मजकूर दुसऱ्यावर थेट पेस्ट करता येतो, एवढंच त्याचं काम. बसवायला दहा मिनिटं पुरतात. आम्हाला तीन रविवार लागले.

पहिले दोन पूर्णविरामात गेले. विनायकराव आमच्या वर्तमानपत्रात मुद्रितशोधक होते. प्रत्येक कमांडच्या शेवटी ते टिंब देत आणि संगणक ती नाकारत असे. मी टिंब खोडलं की म्हणत, "वार्ताहर, वाक्य उघडं पडलं." कमांड इंटरनेटवरून उचलून चिकटवा म्हटलं, तर त्यांचा ठरलेला प्रश्न येई : "मूळ प्रत कुठाय?" हा प्रश्न ते डॉक्टरांनाही विचारतात आणि रिक्षावाल्यालाही. सॉफ्टवेअरचा परवाना त्यांनी शेवटपर्यंत वाचला आणि त्यात दोन चुका काढल्या.

दुसरा संगणक भिंतीपलीकडे आहे. पंचवटीतल्या त्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर दोनच घरं. पलीकडच्यात थोरले बंधू प्रभाकर एकटे राहतात. वर्तमानपत्रात दोघं एकाच टेबलावर होते. दादांनी मूळ प्रत मोठ्याने वाचायची, विनायकरावांनी मुद्रित तपासायचं. निवृत्तीच्या आदल्या वर्षी एका निधनवार्तेत मृताऐवजी त्याच्या हयात भावाचं नाव छापून आलं. तू चुकीचं वाचलंस. तू नीट ऐकलं नाहीस. तेव्हापासून बोलणं बंद आहे. वाय-फाय तेवढं दोघांत एकच राहिलं.

"एका स्मरणिकेचं काम आलंय, एकट्याला जमत नाही," विनायकरावांनी मला सांगितलं होतं. "मजकूर जाईल, तपासून येईल. कुणी कुणाशी बोलायचं नाही. कुणाचा अपमान नाही."

दादांच्या संगणकावर हेच सॉफ्टवेअर त्यांच्या मुलीने फोनसाठी टाकून ठेवलं होतं, त्यामुळे आमच्या यादीत तो दिसला. जोडणीची विनंती पलीकडच्याने अर्ध्या मिनिटात स्वीकारावी लागते. पहिली विनंती गेली. 'उत्तर नाही.' दुसरी, तिसरी. 'उत्तर नाही.'

पाठवण्यासाठी कॉपी करून ठेवलेली ओळ मी तेव्हा पाहिली. ती स्मरणिकेतली नव्हती. 'दादा, कालपासून तुझ्या काठीचा आवाज आला नाही. बरा आहेस ना?'

"मी दार वाजवून येतो," मी उठलो.

"बसा हो. त्यानं उघडलं नाही, तर काय समजायचं मी?"

चौथी. पाचवी. 'उत्तर नाही.'

सहाव्या वेळी पडद्यावर वेगळे शब्द आले : 'विनंती नाकारली.'

"बटण दाबलं," विनायकराव म्हणाले. "वार्ताहर, त्यानं बटण दाबलं. आहे तो." त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

पाच वाजून दहा मिनिटांनी त्यांनी सातवी विनंती पाठवली. ती वीस सेकंदांत नाकारण्यात आली.