सहज हसण्याचा अभ्यासक्रम

सोलमधल्या एका मध्यम वकुबाच्या मनोरंजन कंपनीत 'सहजता विभाग' होता आणि मा दूचोल त्याचा प्रमुख होता. विभागात दुसरं कोणीच नसल्यामुळे तो स्वतःच्याच हाताखाली काम करत असे, आणि हाताखालच्या माणसाबद्दल त्याचं मत फारसं बरं नव्हतं. गाणं, नाच, जपानी भाषा आणि वजन यांना कंपनीत वेगवेगळे शिक्षक होते. कॅमेऱ्यासमोर असताना आपण कॅमेऱ्यासमोर नाही असं कसं वागावं, हे दूचोल शिकवी.

तरुणपणी तो स्वतः पाच पोरांच्या एका गटात होता. गट बांधताना प्रत्येकाला एकेक स्वभाव देण्यात आला. देखणा, अबोल, हुशार आणि लाडका हे स्वभाव आधीच वाटून झाल्यामुळे दूचोलच्या वाट्याला 'खोडकर' आला. मुळात तो भित्रा होता. पण करारात खोडकर लिहिलं होतं, आणि करार मोडण्याइतका तो खोडकर नव्हता. पुढे गाणी पडली, गट मोडला, बाकीचे चौघे आपापल्या मूळ स्वभावात परत गेले. दूचोलला परतीची वाट सापडली नाही. फोटो काढताना त्याचा डावा डोळा अजूनही आपोआप मिचकत असे. पारपत्राचा फोटो याच कारणावरून परत आला, तेव्हा बायकोने मागे उभं राहून त्याच्या दंडाला चिमटा काढला. मग कुठे तो नागरिकासारखा दिसला.

अशा या जाणकाराच्या हाती सन मिरांग सोपवण्यात आली.

कंपनी 'मुलबित' नावाचा पाच मुलींचा नवा गट बांधत होती. चार मुली ठरल्या होत्या. पाचवी हवी होती शेजारच्या घरातली वाटेल अशी. मिरांग दक्षिणेकडच्या तोंगयाँगची. तिची आई बंदरावरच्या शेडमध्ये कालवं फोडायची आणि संध्याकाळी छोटंसं खाण्याचं दुकान चालवायची. तिथल्या कालवांच्या जत्रेत मिरांग गात असताना मंडपाचा कोपरा खाली आला. ती गाणं सोडून मान मागे टाकून अशी हसली की हिरड्यांसकट सगळे दात दिसले, आणि शेजारच्या निवेदकाच्या पाठीत तिने धपाटा घातला. कंपनीच्या माणसाने ते चित्रित करून सोलला आणलं.

संचालिका प्यो मॅडमनी ते पुन्हा पुन्हा पाहिलं. "हीच पाहिजे. किती सहज आहे पोरगी!" त्या म्हणाल्या. "फक्त ती सहज दिसत नाही. तेवढं बघून घ्या, दूचोल."

"मॅडम, सहज आहे म्हणजे..."

"हिरड्या दिसतात. शेजारच्या घरातल्या मुलीच्या हिरड्या दिसत नसतात."

दूचोलच्या शेजारी राहणाऱ्या मुलीच्या दिसत असत. पण ती माहिती त्याने स्वतःजवळ ठेवली. नोकरीत त्याचा भित्रेपणा अजून शाबूत होता.

मिरांग आली ती दोन्ही हातांनी वाकून नमस्कार करत. "सर, मला हसाया शिकवणार म्हनं? आमच्याकडं मुकाट बसाया शिकवत्यात."

दूचोलने तिला आरशासमोर बसवलं. हसू ओठांतून सुरू व्हावं, डोळ्यांपर्यंत जावं, हात तोंडाशी यावा आणि तो उशिरा आला म्हणून थोडं लाजावं, असा क्रम होता. मिरांग पहिल्याच दिवशी इतकी हसली की वर्ग रद्द करावा लागला. दूचोललाही हसू आलं. त्याने ताबडतोब आरशात पाहिलं. डोळा मिचकत होता.

पोरगी कष्टाळू होती. सकाळी वजनकाटा, मग उकडलेलं रताळं, मग नाच, गाणं, आणि शेवटी दूचोलचा वर्ग. महिन्याच्या परीक्षेत तिचं हसू उत्तीर्ण झालं, मात्र बोली अनुत्तीर्ण झाली. शेजारची मुलगी सोलची भाषा बोलते, असा समितीचा निर्णय झाला. मिरांगने तीही शिकून घेतली. "गटात घेतलं की आईला शेडमधनं काढणार," ती दूचोलला एकदा म्हणाली, आणि लगेच सुधारून म्हणाली, "शेडमधून."

छुसोकच्या, म्हणजे सुगीच्या सणाला मुलींना घरी फोन करायची परवानगी मिळाली. तो कॅमेऱ्यासमोर करायचा असल्यामुळे दूचोल हजर होता.

"आई, मी बोलते आहे. तुझी प्रकृती कशी आहे?"

पलीकडून आई म्हणाली, "न्हाई ओ ताई, आमाला विमा नको. सणासुदीचं तरी सोडा."

"आई, मी मिरांग!"

"माझ्या पोरीचं नाव घेऊन विमा इकता व्हय?" आणि फोन बंद झाला.

मिरांगने हात तोंडाशी नेला, थोडा उशिरा, अगदी शिकवल्याप्रमाणे. कॅमेरावाल्याने अंगठा वर केला. दूचोलला मात्र त्या हातामागे ओठ थरथरताना दिसले. 'बंद कर तो कॅमेरा' असं म्हणायला त्याने तोंड उघडलं आणि खोकून मिटलं.

पुढच्याच आठवड्यात बाजाराचा अहवाल आला. लोकांना आता गावाकडची बोली आवडू लागली होती. प्यो मॅडमनी तातडीने सोलच्या एका नाटकातले गी सर बोलावले. ते मिरांगला तोंगयाँगची बोली शिकवू लागले. ते स्वतः तोंगयाँगला कधी गेले नव्हते, पण त्यांनी मासेमाराची भूमिका केली होती.

"असं न्हाई म्हनत आमच्यात," मिरांग म्हणे.

"उच्चार बरा आहे, पण प्रेक्षकांना तो खरा वाटणार नाही," गी सर म्हणत.

अंतिम निवडीच्या दिवशी समिती रांगेत बसली. बोलीत मिरांगला जेमतेम गुण पडले होते. प्यो मॅडम प्रेमाने म्हणाल्या, "जाऊ दे बाळा. जरा हसून दाखव."

मिरांग उभी राहिली. हसली नाही. तिने दूचोलकडे पाहिलं. "सर, कुठलं हसू? पहिलं मी इसरले, तुमचं मला आवडत न्हाई, आणि ह्यांचं अजून ठरायचंय."

समितीने गुणपत्रिकेत हसण्याचा रकाना शोधला.

"मी घरी जाते," ती म्हणाली. "माझ्या आईला माझा आवाज ओळखू येत न्हाई. तुमी कोन ओ माझा उच्चार बरा हाय म्हननारे?" तिचा आवाज चढला, डोळे भरून आले आणि नाक वाहू लागलं.

प्यो मॅडम कौतुकाने पुढे झुकल्या. "राग उत्तम जमलाय. पण राग आपण दुसऱ्या मुलीला दिला आहे."

मिरांग गेली. दूचोलने तिला बस स्थानकावर पोचवलं. तिथे त्याला पुष्कळ बोलायचं होतं. "जपून जा," असं तो म्हणाला.

जागा रिकामी ठेवणं परवडणार नव्हतं. सोलच्याच एका दंतवैद्याची मुलगी पाचवी म्हणून आली. तिला काय शिकवायचं, यावर समितीचं एकमत झालं: जत्रेतलं ते जुनं चित्रण. मान किती मागे टाकायची, हिरड्या किती दिसू द्यायच्या आणि धपाटा कुणाला घालायचा, हे सगळं दूचोलने तिला जीव तोडून शिकवलं. हे काम आपण नाकारायला हवं होतं, हे त्याला रोज दुपारच्या जेवणानंतर वाटे आणि चहापर्यंत टिके. गट गाजला. पाचवीच्या हसण्यावर देश फिदा झाला. दूचोलला पगारवाढ मिळाली.

हिवाळ्यात तो तोंगयाँगला गेला. माफी मागायला निघालो आहोत, असं त्याने बायकोला सांगितलं. बायकोने येताना कालवं आणायला सांगितलं.

मिरांग आईच्या दुकानात वाढप करत होती. त्याला बघून ती थबकली, मग मान मागे टाकून खदखदा हसली आणि त्याच्या पाठीत सणसणीत धपाटा घातला. हसू परत आलं होतं. दूचोलचे डोळे पाणावले. त्याच वेळी त्याच्या मनात आलं, हनुवटी जरा खाली हवी होती. त्याला स्वतःची शिसारी आली.

"बसा, सर. आता माझं असं झालंय बघा, राग आला की सोलची भाषा येते, अन् भूक लागली की घरची."

"लोक ओळखतात तुला?"

"ओळखत्यात की! म्हनतात, त्या मुलबितवालीची नक्कल करती. काल एक बाई म्हनली, बरी करतेस, पण तिच्यासारखं सहज न्हाई."

दूचोल माफी मागायला उठला. तेवढ्यात शेजारच्या टेबलावरच्या माणसाने त्याच्या हातात फोन दिला. "जरा आमचा फोटो काढता का?"

मग तो आपल्या कुटुंबाकडे वळला. "कुणी कॅमेऱ्याकडे बघायचं नाही. आपण जेवतोय, गप्पा चालल्यात. आई, तुम्ही काहीतरी बोलल्यासारखं करा."

"काय बोलू?" त्याच्या म्हाताऱ्या आईने विचारलं.

"काहीही. फक्त तोंड हलवा."

सगळे एकमेकांकडे बघून आवाज न करता हसू लागले. म्हातारी तोंड हलवू लागली. ते पाहून सुनेला राहवलं नाही आणि ती फस्सकन हसली. दूचोलने बरेच फोटो काढून फोन परत दिला. सुनेने एकेक फोटो निरखला.

"हा आधी काढून टाका," ती घाईने म्हणाली. "ह्यात मी खरंच हसलेय. शी, कशी दिसतेय!"

दूचोल इतक्या वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच चकित झाला. "तुम्ही हे कुठे शिकलात?"

"शिकायचं काय त्यात?" ती म्हणाली. "सगळ्यांनाच येतं. तुम्हाला नाही येत?"