ळची कळ

१२ ऑगस्ट. आजचं काम : कंट्रोल-एलचं भांडण मिटवणे.

देवधरकाका जेवतानाही ताटाच्या कडेवर टाइप करतात. पोळी एका हातात, डोळे अर्धे मिटलेले, डावी करंगळी कंट्रोलवर. रेल्वेतून निवृत्त झाल्यावर नानाखेड्याच्या घरी बसून ते कॉम्प्युटर शिकले आणि आमच्या एडिटरला, म्हणजे मजकूर लिहायच्या सॉफ्टवेअरला, मराठी लिहायचं एक प्लगिन जोडून दिलं. फ्रीगंजमधल्या माझ्या डीटीपीच्या दुकानात इथल्या मराठी मंडळाचा अंक त्यावरच तयार होतो.

अडचण एवढीच, की काकांनी धरलेल्या कळांवर एडिटरची आपली कामं आधीच बसलेली असतात. कळ एक, दावेदार दोन. तक्रार केली की काका डोळे मिटतात. "आधी स्नान कोणाचं, ते ठरव." सिंहस्थात आखाडे जसे क्रमाने रामघाटावर स्नानाला उतरतात, तसंच हे, असं त्यांचं शास्त्र. मग त्यांची बोटं हवेत पाण्यावरच्या पानांसारखी हलत राहतात आणि माझे दोन चहा होतात. अशी पाच भांडणं मिटली. दर वेळी माघार काकांचीच.

सहावं कंट्रोल-एल. मला त्याने पूर्ण ओळ निवडायची असते, काकांचं प्लगिन तिथे 'ळ' उमटवतं. अध्यक्षांच्या मनोगतात अकरा ळ घुसले.

"काका, ळ हलवा. शिफ्ट दाबूनही येतो तो."

"तो नाही हलणार, भई. त्याचंच स्नान पहिलं."

"कशाला जिद्द? इथे हिंदी मुलखात अर्ध्या लोकांना ळ बोलताही येत नाही."

"हां. तेच तर."

त्यांनी माझा कीबोर्ड ओढला. क, म, मग कंट्रोल-एल. कमळ. काकूंचं नाव. त्यांना जाऊन वर्ष होईल.

"राशन कार्डावर कमल, बँकेत कमल. ती म्हणायची, 'अहो, माझा ळ कुठे गेला?' मी म्हणायचो, काय फरक पडतो! शेवटच्या दाखल्यावर पण कमलच लिहून आलं." काकांनी कीबोर्ड माझ्याकडे परत सरकवला. "प्लगिनमध्ये पहिली हीच कळ बांधली."

मी गार झालेला चहा ओतून टाकला आणि नवा मागवला. दोन.

१३ ऑगस्ट. सकाळी दुकान उघडून आधी माझी ओळ निवडायची कळ बदलली. नव्या कळेवर कोणी तरी बसलेलंच होतं, त्याला उठवलं. मग मंडळाकडून आलेलं श्रद्धांजलीचं पान उघडलं. 'कै. सौ. कमल देवधर.' ल खोडला आणि कंट्रोल-एल दाबलं.