किसनरावांच्या एकोणीसशे ओळी

“पुढच्या चौदा एप्रिलला आपलं स्वतःचं मराठी लेखनाचं सॉफ्टवेअर! लिनक्सवर चालणारं, फुकट, आणि कुणालाही आतून उघडून दुरुस्त करता येणारं!” बुद्धरत्नने जयंतीच्या मंडपात माईक धरून जाहीर केलं. टाळ्या पडल्या. त्यानंतर दोन चौदा एप्रिल येऊन गेले.

सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या होत्या त्याच्या वडिलांनी. किसनराव चाकणच्या एका कारखान्यातून, क्वालिटी विभागातून रिटायर झालेले. दापोडीतल्या आपल्या गल्लीचा इतिहास लिहायला बसले होते. एका डोळ्यात मोतीबिंदू, आणि जुन्या गोष्टी सांगणारी माणसं वर्षाला दोन-तीन कमी होत चाललेली. त्यात घरच्या कॉम्प्युटरवरचं लेखनाचं सॉफ्टवेअर दहा पानांनंतर धापा टाकायचं!

“बाबा, थोडं थांबा. आपलं येतंय,” बुद्धरत्न म्हणाला.

“बरं,” किसनराव म्हणाले.

मग दर रविवारी बुद्धरत्न आणि त्याचे दोन दोस्त, धनेश आणि निशिगंधा, अशी तिघांची मीटिंग. धनेश म्हणे, “राव, पहिल्या ओळीपासून नवीन लिहू!”

निशिगंधा म्हणे, “वेडा झालायस का? आहे तेच हलकं करू!”

तिघंही कंपन्यांत मुरलेले, त्यामुळे मीटिंग सुरू व्हायची ती मागच्या मीटिंगच्या पेंडिंग मुद्द्यांपासून. पेंडिंग मुद्दा एकच: नवीन की जुनं! त्यावर कंपनीतल्या रीतीने पाच वेळा ‘का?’ विचारायचं, फळ्यावर बाण काढायचे, आणि चहा गार झाला की पुढची तारीख घ्यायची. बुद्धरत्नचं मत विचारलं की तो म्हणायचा, “दोन्हींत तथ्य आहे.” सहा दिवस शिफ्ट आणि सातव्या दिवशी हे! माणूस पार विटून गेला.

शेवटी एका रविवारी तो मीटिंगला गेलाच नाही. खाली मान घालून वडिलांसमोर बसला.

“बाबा, सॉफ्टवेअर काही होत नाही. माझ्यामुळे तुमचं पुस्तक राहिलं.”

“राहिलं कुठं? झालं की! परवा प्रेसला दिलं.”

“कशात लिहिलंत?”

“हिशेबाच्या शीटमध्ये!”

बुद्धरत्नने कपाळाला हात लावला. बत्तीस वर्षांच्या नोकरीत किसनरावांनी रजेच्या अर्जापासून निरोपाच्या भाषणापर्यंत सगळं तक्त्याच्या चौकटींतच टाइप केलेलं. पुस्तक तरी दुसरीकडे कशाला लिहितील? त्यांनी कॉम्प्युटरवर शीट उघडून दाखवली: एका ओळीत एक वाक्य. आधी अनुक्रमांक, मग वाक्य, मग सांगणाऱ्याचं नाव, आणि शेवटच्या रकान्यात तपासणी. ‘८४१. पुराचं पाणी विहाराच्या तिसऱ्या पायरीला लागलं. सरूबाई. तपासलं, ओके.’

“प्रेसवाला काही बोलला नाही?”

“बोलला ना! म्हणाला, इतका तपासलेला माल पहिल्यांदाच आला.”

बुद्धरत्नचा ऊर भरून आला. आपण फळ्यावर बाण काढत बसलो आणि या माणसाने एका डोळ्याने अख्खी गल्ली लिहून काढली! तो शीट सरकवत सरकवत शेवटच्या ओळीवर पोचला.

‘१९०४. चि. बुद्धरत्न याचे विशेष आभार. त्याचं सॉफ्टवेअर वेळेवर आलं असतं, तर ते शिकण्यातच माझं पुस्तक राहिलं असतं.’

पुढच्या रकान्यात हिरव्या रंगात लिहिलं होतं, तपासलं, ओके.