गजराजाचे खालचे मुख मिटले त्याची हकीकत

श्री काळ्या आईस दंडवत. पाटाच्या पाण्यास, डिझेलाच्या धुरास आणि ज्याने पहिला नट पहिल्या बोल्टावर फिरविला त्या अनाम पुरुषास नमन. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, आश्विन शुद्ध एकादशी, सूर्य माथ्यावर येण्यास थोडा अवकाश असता जे जाहले ते लिहितो.

एक राज्य होते. पूर्वेस पाट, पश्चिमेस बाभळींची रांग, विस्तार अकरा एकर, आणि वर एक खडकाळ पट्टी, जीवर दोन गावच्या शेळ्या हक्क सांगत. राज्याचे थोरले सरकार गुणाजीराव, धाकटे सरकार त्यांचे बंधू विश्वंभरराव, आणि राज्याचा एकुलता हत्ती म्हणजे अडतीस वर्षांचा लाल ट्रॅक्टर, नाव गजराज. वडील महाराजांनी गजराज आणिला, त्याच्या मडगार्डावर बसून गुणाजीराव लहानाचे मोठे जाहले, आणि पुढे वडील महाराज कैलासवासी जाहले तेव्हा गुणाजीराव तीन दिवस गजराजाजवळच जेवले. सबब हत्तीवर त्यांचा जीव. विश्वंभररावांचा जीव नव्या ट्रॅक्टरावर, ज्यास छत्री होती, गाणी लागत आणि खुर्ची मागेपुढे सरकत असे. मग त्यांनी दुकानाशी बोलणे लाविले की जुना घ्या, नवा द्या, आणि दुकानाचा वकील, म्हणजे त्यांचा जुने ट्रॅक्टर पारखणारा माणूस, त्याच दिवशी दोन प्रहरी हत्ती पाहावयास येणार, असे ठरले.

आणि नेमका त्याच सकाळी नांगर रुसला. हा नांगर पलटी नांगर. तास, म्हणजे नांगरटीची एक ओळ, संपले की त्याने कूस बदलावी आणि त्याच वाटेने परत यावे, हा त्याचा धर्म. कूस बदलण्याचे बळ ऑइलाचे. गजराजाच्या पाठीस दोन मुखे, एक वरचे, एक खालचे, त्यांत नांगराचे दोन पाइप खोचावे, लिव्हर ओढावा, मग एका मुखाने ऑइल जाते, दुसऱ्याने परत येते आणि नांगर पलटतो. त्या दिवशी गुणाजीरावांनी लिव्हर पुढे केला, गजराज चीत्कारला, नांगर ढिम्म. लिव्हर मागे केला, गजराज पुन्हा चीत्कारला, नांगर ढिम्म. मग गुणाजीराव खाली उतरून नांगरास समजावू लागले, मग दटावू लागले, आणि शेवटी बंधूंकडे वळून भर रानात म्हणो लागले की हे तुझ्या त्या स्वस्तातल्या ऑइलचे काम, तूच हत्तीस विष घातलेस. विश्वंभरराव म्हणाले की डबा तुम्हीच सांगितला तोच आणिला. शब्दाने शब्द वाढला, बांधावरच्या शेळ्याही चरणे सोडून ऐकत राहिल्या, आणि शेवटी धाकटे सरकार शांतपणे म्हणाले,

"दादा, वकील येईतो नांगर पलटला तर गजराज राहिला. नाही पलटला तर चावी मी त्याच्या हातात देणार, आणि तुम्ही मधे बोलायचं नाही."

"कबूल," गुणाजीराव म्हणाले.

मग यंत्रवैद्य इसाक मिस्त्री यांस सांगावा गेला. मिस्त्री लुनावर स्वार होऊन आले, मागे हत्यारांची गोणी. आधी चहा प्याले, मग कांडी काढून ऑइल पाहिले, बोटांत चोळले, हुंगले आणि म्हणाले ऑइल पुरते आहे आणि चोख आहे. विश्वंभररावांनी बंधूंकडे पाहिले. गुणाजीरावांनी बाभळींकडे पाहिले. मग मिस्त्रींनी मागची लिफ्ट उचलून पाहिली, ती नांगरासकट डौलाने वर आली. "पंप पैलवान आहे," मिस्त्री म्हणाले. मग नांगर भुईवर टेकविला, इंजिन बंद केले, लिव्हर दोनचार वेळ पुढेमागे करून पाइपांतला दाब सोडिला आणि मगच पाइपास हात घातला, कारण दाबातले ऑइल कातडीत सुईसारखे शिरते आणि मिस्त्रींच्या एका बोटास ते ठाऊक होते. आणि मग त्यांनी राज्याची ट्रॉली मागविली.

ट्रॉलीचा जॅक एका पाइपावर चालतो, एकेका मुखाची निराळी परीक्षा होते, सबब तो खोटी साक्ष देत नाही. पाइप वरच्या मुखात खोचिला, इंजिन चालू केले, लिव्हर ओढिला, ट्रॉली आभाळाकडे गेली. जागी आणिली. पुन्हा सर्व बंद करून तोच पाइप खालच्या मुखात खोचिला, लिव्हर उलटा ओढिला, आणि ट्रॉली जागची हलली नाही, गजराज मात्र चीत्कारला. मिस्त्री म्हणाले, "नांगर निर्दोष. खालचं तोंड मिटलंय. जायचा रस्ता बंद, नाहीतर यायचा बंद, म्हणून दोन्हीकडं पलटी बंद."

(येथे मूळ कागदावर ऑइल सांडले आहे. दोन ओळी लागत नाहीत. पुढे लागते.)

…आणि मिस्त्रींनी सांगितले की आता व्हॉल्व्ह खोलावा लागेल, आत स्प्रिंगा आहेत, गोळ्या आहेत, रबरी कड्या आहेत, काम गॅरेजात होईल, चार दिवस धरा. चार दिवस हे ऐकून गुणाजीरावांनी गजराजाच्या बॉनेटवर हात ठेविला. रस्त्यावर वकिलाच्या गाडीची धूळ दिसू लागली होती. तेव्हा मिस्त्री पाना हाती घेता घेता, सवयीने, प्रत्येक दवाखान्यात विचारतात तसा एक सवाल विचारिते जाहले.

"शेवटचं चांगलं कधी चाललं होतं? आणि त्यानंतर याला हात कुणी लावला?"

गुणाजीरावांस एकाएकी आठवले. चालले होते अष्टमीस. आणि त्यानंतर नवमी. खंडेनवमीस राज्यात शस्त्रपूजा होते, कोयते, विळे, पाने, आणि सर्वांत वर गजराज. त्या दिवशी गुणाजीरावांस भक्तीचा असा उमाळा आला की हत्तीचे एकही अंग पूजेवाचून राहू नये, म्हणून त्यांनी स्वहस्ते मुखांवरच्या रबरी टोप्या काढिल्या आणि कुंकवात भिजविलेल्या अक्षता मुठीने वाहिल्या. हे कोणी पाहिले नव्हते. बोलावे तर बंधूंपुढे जन्माचे हसे, न बोलावे तर हत्ती जातो. धूळ बांधापाशी आली.

"मी लावला," गुणाजीराव म्हणाले. "नवमीला. आत अक्षता टाकल्या मी."

मग मिस्त्रींनी तार वाकविली, खालच्या मुखाच्या कडेच्या खाचेत फिरविली, आणि लाल लगद्यातून तांदळाचा एक दाणा बाहेर आला, सगळा, टपोरा, कुंकवाने रंगलेला. त्याच्यापायी पाइप दिसायला बसे, पण दोऱ्याइतका अलीकडेच अडे, आणि आतले दार उघडत नसे. इतक्यात गुणाजीरावांच्या पत्नी कमळजाबाई उपासाचे ताट घेऊन रानात आल्या. त्यांनी दाणा पाहिला, पतीकडे पाहिले आणि म्हणाल्या, "अहो, एकादशीला तांदूळ तो तरी कसा गिळेल?" तेव्हा प्रथम मिस्त्री हसले, मग विश्वंभरराव हसू लागले ते बांधावर बसले, आणि मग गुणाजीराव स्वतःच हसले, इतके की डोळ्यांस पाणी आले, आणि ते सगळेच काही हसण्याचे नव्हते.

मुख धुतले, फडक्याने पुसले, पाइप खोचिले. खट्ट असा आवाज आला, जो नवमीपासून आला नव्हता. वकील गाडीतून उतरतात तोच गजराजाने नांगर उचलिला, पलटविला, पुन्हा पलटविला, आणि गुणाजीराव उगाच अकरा वेळा पलटवीत राहिले. वकिलांस साबुदाण्याची खिचडी देऊन सन्मानाने परत पाठविले. विश्वंभररावांनी नव्या ट्रॅक्टराचा रंगीत कागद घडी घालून खिशात ठेविला, मग खाली पडलेला, ऑइलात माखलेला दाणा चिमटीत उचलिला, थोरल्या बंधूंच्या कपाळी दाबून लाविला आणि म्हणाले, "घ्या दादा. मान तुमचा."

एवं लढाई एक, मुदत अर्धा दिवस. पडले कोणी नाही, ऑइल तांब्याभर गेले, ऑइलास दोष दिला तो परत घेतला. पुढे राज्यात नियम जाहला की नवमीस टोप्या घट्ट बसवाव्या आणि थोरल्या सरकारांनी अक्षता तीन पावलांवरून टाकाव्या. त्या दिवशी मात्र ते बाभळींपर्यंत तास घालीत गेले आणि त्याच वाटेने परत आले, सूर्य मावळेतो, आणि कपाळावरचा दाणा पडला नाही, कारण ऑइल पुरते होते आणि चोख होते.