म्हातारीनं पाहिलेला जाळ

"अहो, आज तरी पेटलं का?"

बायकोचा फोन आला की सरांना हा प्रश्न ठरलेला. इतर नवरे भाजी विसरले म्हणून बोलणी खात. सर इंधन पेटलं नाही म्हणून खात आले होते.

प्रयोगशाळेत इंधनाच्या मिरीएवढ्या गोळीवर चहूबाजूंनी लेसर सोडत. ती पेटलीच, तर आतली आग कशी चढली, कशी उतरली, ते सरांच्या कॅमेऱ्यानं टिपायचं. पापणी लवण्याआधीच खेळ खलास. पण मेली नुसती धुमसायची. तिचा मिणमिणता उजेड दिसावा म्हणून सर कॅमेऱ्यापुढच्या काळ्या काचा एकेक करून काढत गेले. आज नोकरीचा शेवटचा दिवस, आणि तो चढउतार त्यांनी एकदाही पाहिला नव्हता.

सवयीनं त्यांनी उरलीसुरली काचही काढली. लेसर सुटले आणि शेजारच्या खोलीत एकच गलका झाला. "पेटलं! पेटलं!"

सरांनी पडद्याकडे पाहिलं. पांढराफटक! इतक्या उजेडानं कॅमेऱ्याचे डोळेच दिपले होते.

फोन वाजला.

"पेटलं का?"

"पेटलं!"

"अगंबाई! कसं दिसलं?"

"मला नाही दिसलं."

"होतात कुठं?"

"समोरच," सर रडवेले होऊन म्हणाले.

तेवढ्यात संचालकबाई धावत आल्या. पांढरा पडदा पाहून त्यांचा चेहराही तसाच झाला. राग निघाला कोपऱ्यातल्या जुन्या कॅमेऱ्यावर. "हे धूड अजून इथंच? भंगारात द्या म्हटलं होतं ना?"

त्या कॅमेऱ्याला सर म्हातारी म्हणत. तरुणपणी सरांनी आणि त्यांच्या गुरुजींनी एकाच स्टुलावर आळीपाळीनं बसून जोडलेली. वर्षानुवर्षं किरणांचा मारा सोसून तिची नजर अधू झाली होती. धुमसणं तिला दिसतच नसे. तरी सर रोज सकाळी तिचं बटण दाबत. गुरुजी गेल्यावर ते दाबायला दुसरं होतं कोण?

तिची वायर काढायला सर वाकले आणि वाकलेलेच राहिले. तिच्या छोट्या पडद्यावर एक रेघ होती. हळूच चढलेली, शेंड्याला पोचलेली, झरझर उतरलेली. सबंध! नजर अधू होती म्हणूनच ती दिपली नव्हती. सरांच्या डोळ्यांना धार लागली. गुरुजी हवे होते.

"अशा आणखी दोन मिळतील?" बाईंचा आवाज एकदम मऊ झाला.

"मिळतील की. नव्या घ्या आणि म्हाताऱ्या होईपर्यंत सांभाळा."

मग त्यांनी घरी फोन लावला. "अगं, दिसलं!"



"मग आता," ती हळूच म्हणाली, "उद्यापासून मी रोज विचारू तरी काय?"