जिभेपर्यंतच परवानगी

चष्मेवाल्यांनी डोळे मिटले, चमचा तोंडात घातला, केकचा घास जिभेवर इकडून तिकडे फिरवला आणि लगबगीने बेसिनपाशी जाऊन थुंकून टाकला. मग खळखळून चूळ भरली, टॉवेलने तोंड पुसलं आणि निकाल सुनावायच्या थाटात स्वयंपाकघराच्या मधोमध येऊन उभे राहिले.

“बोला की आता,” बायकोने, म्हणजे साऱ्या इमारतीच्या वहिनींनी, फर्मावलं.

“आधीचा दे बघू पुन्हा.”

आधीचा घास, बेसिन, चूळ. मग नंतरचा घास, बेसिन, चूळ.

“हा बरा, की आधीचा बरा?”

“आधीचा... नाही, थांब. हाच. हा जास्त स्वच्छ लागतो.”

दिवसभर दुकानात गिऱ्हाइकांच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलत “हे नीट दिसतं, की आधीचं?” असं विचारणारा माणूस केकही तसाच तपासणार, यात नवल नव्हतं. “फक्त साखर जरा जास्त झालीये,” त्यांनी शेरा मारला. वहिनींनी मान डोलावली आणि पुढच्या वेळी हात आणखी आखडता घ्यायचा, हे मनाशी पक्कं केलं.

हे सगळं डॉक्टरांपासून सुरू झालं होतं. वर्षाच्या सुरुवातीला त्यांनी चष्मेवाल्यांचे रिपोर्ट पाहिले, मग चष्मेवाल्यांचं पोट पाहिलं आणि “आता गोड विसरा” एवढंच सांगितलं. ज्या घरात विकायच्या केकसाठी रोज ओव्हन तापतो आणि फ्रीजमध्ये दुधाच्या आधी क्रीमला जागा मिळते, त्या घरातल्या माणसाने गोड विसरायचं म्हणजे चेष्टा नव्हे. पण वहिनींनी कंबर कसली. एकट्या नवऱ्याला पथ्यावर बसवणं बरं दिसत नाही म्हणून त्याही बसल्या. घरात काकडी, उकडलेल्या भाज्या आणि मिरपूड घातलेलं पातळ सूप यांचं राज्य आलं.

राहता राहिला केक चाखायचा प्रश्न. न चाखता केक विकायचा तर गिऱ्हाइकाची फसवणूक, आणि चाखायचा तर डॉक्टरांची. वहिनींनी तोडगा काढला, की परवानगी जिभेपर्यंत, घशाखाली बंदी. स्वतःच्या जिभेचा त्यांना भरवसा नव्हता. आपल्या तोंडात गेलेला घास परत बाहेर येत नाही, हे त्या पुरतं ओळखून होत्या. म्हणून ही जबाबदारी चष्मेवाल्यांकडे आली आणि चष्मेवाले पडले कामाला चोख. ते मन लावून चाखत आणि मन लावून थुंकत.

सध्या तर चाखण्याला ऊत आला होता, कारण वहिनींना आयुष्यातली सर्वांत मोठी ऑर्डर मिळाली होती. पलीकडच्या रस्त्यावरच्या शाळेतल्या हेडबाई निवृत्त होणार होत्या आणि त्यांच्या निरोपसमारंभाला तीन मजली केक हवा होता. वर चॉकलेटची शाळेची घंटा. आजवर वहिनींचे केक इमारतीच्या जिन्याखाली फारसे उतरले नव्हते. वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस, कुणाची बढती, सगळं याच चार भिंतींत. आता पहिल्यांदा बाहेरचे लोक, तेही मास्तरमंडळी, त्यांच्या हातचं खाणार होते. वहिनी झोपेतसुद्धा घंटेला आकार देत होत्या.

घोळ झाला तो खिडकीमुळे. स्वयंपाकघरातलं बेसिन खिडकीखाली होतं आणि त्या खिडकीच्या अगदी समोर याच इमारतीतल्या शिवणवाल्या काकूंची खिडकी होती. काकूंचं मशीन त्याच खिडकीत. कुणाचा झगा सैल कर, कुणाच्या पँटची चेन बदल, अशी कामं करताना मान वर केली की समोर वहिनींचं स्वयंपाकघर. आता काकूंनी रोज संध्याकाळी काय पाहावं? तर वहिनी नवऱ्याला घास भरवताहेत, नवरा डोळे मिटून तो कसाबसा तोंडात घोळवतोय, आणि मग धावत येऊन थुंकतोय. वर चूळ भरतोय. तरी ती बाई पुन्हा दुसरा घास घेऊन उभीच! काकूंना आधी हे धूसर दिसत असे. मग त्यांनी नवा चष्मा केला आणि सगळं लख्ख दिसू लागलं. चष्मा अर्थातच चष्मेवाल्यांनी करून दिला होता, तोही सवलतीत.

काकू मनाने वाईट नव्हत्या. त्यांना त्या माणसाची खरोखर दया आली. दया पोटात ठेवण्याची त्यांना सवय नसल्यामुळे ती आठवड्याभरात सगळ्या मजल्यांवर पोहोचली.

मग एकेक सुरू झालं. तळमजल्यावरच्या बाईंनी मुलाच्या वाढदिवसाचा केक रद्द केला. “त्याचे दात किडलेत हो.” वरच्या मजल्यावरच्या जोडप्याने लग्नाचा वाढदिवसच रद्द केल्यासारखं सांगितलं, “यंदा काही करायचं नाही म्हणतोय.” वहिनींना वाटलं, सगळी इमारतच पथ्यावर बसली की काय! तसंही हल्ली लोक ‘काय चव आहे’ असं म्हणायचं सोडून ‘दिसतो सुरेख’ असं म्हणू लागले होते. वहिनी त्याला आपल्या सजावटीचं कौतुक समजत होत्या.

इकडे चष्मेवाल्यांना जिन्यात निराळाच अनुभव येत होता. भेटेल तो त्यांच्या खांद्यावर हात ठेवायचा. “सोसताय बुवा तुम्ही,” असं म्हणून एका शेजाऱ्याने त्यांच्या हातात दोन केळी कोंबली. दुसऱ्याने दार किलकिलं करून त्यांना आत घेतलं आणि गरम जेवण वाढलं. शिवणवाल्या काकूंनी तर त्यांची दुकानातून येण्याची वेळ हेरून झाकलेलं ताट तयार ठेवायला सुरुवात केली.

“घरी पोटभर होत नाही ना?” काकूंनी हळूच विचारलं.

चष्मेवाल्यांच्या तोंडात घास होता. डोळ्यांपुढे घरचं सूप होतं. त्यांनी नाइलाजाने मान हलवली.

“रोजचंच आहे का?”

त्यांनी पुन्हा मान हलवली. महिनोन्‌महिने काकडीवर काढलेला माणूस भरलं ताट पुढे आल्यावर चौकशी करत बसत नाही. लोक एवढे मायाळू का झालेत, हा प्रश्न त्यांना पडला नव्हता असं नाही. पण विचारलं आणि ताट बंद झालं तर, या भीतीने त्यांनी तो गिळून टाकला. घरात जे गिळत नव्हते ते बाहेर असं भरून निघत होतं.

वजनाच्या काट्यावर उभ्या नवऱ्याकडे पाहून वहिनी मात्र चक्रावल्या. “अहो, सूप पिऊन माणूस फुगतो कसा?”

“वाऱ्याने असेल,” चष्मेवाले म्हणाले आणि काट्यावरून उतरले.

एका संध्याकाळी मात्र त्यांना दुकानातून यायला उशीर झाला. ताट गार होऊ नये म्हणून काकू ते घेऊन थेट दारातच आल्या. दार वहिनींनी उघडलं.

“हे काय, काकू?”

“वहिनी, राग मानू नका. पण माणूस उपाशी मरेल हो. तुम्ही केक करा, हौस करा, पण त्यांना बळेबळे भरवू नका. रोज थुंकताना बघते मी. परवा तर माझ्या ताटावर असे तुटून पडले...”

“कुणाच्या ताटावर?”

नेमके तेव्हाच चष्मेवाले जिना चढून वर आले. बायको, काकू आणि ताट एका दारात पाहून त्यांनी परत खाली जायचा विचार केला, पण वहिनींनी नुसतं पाहिलं तसे ते निमूट आत आले. काकू ताट टेबलावर ठेवून सटकल्या आणि आपल्या खिडकीत जाऊन बसल्या.

“तुम्ही त्यांना सांगितलंत, की घरी पोटभर होत नाही?”

“सांगितलं नाही गं. फक्त मान हलवली.”

“आणि रोज जेवत होतात?”

“रोज नाही. सुट्टीच्या दिवशी नाही.”

वहिनींना रागापेक्षा रडूच आलं. तेवढ्यात बेल वाजली. दारात हेडबाई उभ्या होत्या. समारंभाचा पोशाख खांद्यात सैल करायला त्या दुपारी काकूंकडे येऊन गेल्या होत्या, म्हणजे पुढचं सांगायलाच नको. ताकाला जाऊन भांडं लपवायचा त्यांचा स्वभाव नव्हता. खुर्चीवर बसल्या बसल्या त्या म्हणाल्या, “वहिनी, मी स्पष्टच बोलते. केकचं मी दुसरीकडे बघावं म्हणते.”

वहिनींच्या इमारतीतल्या ऑर्डरी गेल्या होत्या. आता हीही गेली, तर ओव्हन झाकूनच ठेवायला हवा होता.

“बाई, सगळा गैरसमज आहे,” चष्मेवाले पुढे झाले. “मी थुंकतो ते पथ्य म्हणून. केक उत्तम असतो.”

“उत्तम असतो हे तुम्हाला कसं कळतं? तुम्ही तर तो खातच नाही.”

चष्मेवाल्यांनी बायकोकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते. ते उठले, नमुन्याचा केक फ्रीजमधून काढला, एक चांगला जाड तुकडा कापला आणि हेडबाईंसमोर बसून खाल्ला. घशाखाली. वहिनींनी “अहो, डॉक्टर!” म्हणेपर्यंत दुसरा तुकडा निम्मा संपला होता. किती महिन्यांनी हे घडत होतं! मऊ केक, गार क्रीम, सगळं सरळ पोटात. चष्मेवाल्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

“अहो, पुरे,” हेडबाई घाबरून म्हणाल्या.

“नाही, मला आवडतंय,” चष्मेवाले हुंदका देत म्हणाले आणि त्यांनी तिसरा तुकडा उचलला.

“अहो, बायकोवर माया असावी, पण एवढं सोसू नका!”

“वहिनी, सोडा हो त्यांना!” समोरच्या खिडकीतून काकू ओरडल्या. “माणूस रडतोय!”

“रडू दे त्यांना!” वहिनींचाही बांध फुटला. “हातच्या काकणाला आरसा कशाला? बाई, तुम्ही स्वतःच खाऊन बघा आणि मग जा.”

हेडबाईंनी एकदा रडणाऱ्या माणसाकडे पाहिलं, एकदा केककडे पाहिलं आणि चिमणीच्या घासाएवढा तुकडा तोंडात टाकला.

“यात साखर घालायची राहिली का?”

“राहिली? उलट जास्त झालीये म्हणतात हे!” वहिनींनी तावातावाने एक तुकडा स्वतःच्या तोंडात कोंबला. पथ्य सुरू झाल्यापासूनचा हा पहिला. “गोड तर आहे!”

“मिट्ट गोड आहे,” चष्मेवाल्यांनी डोळे पुसत साक्ष दिली.

हेडबाईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. पाठ न केलेल्या मुलांकडे बघतात तसं. “तुम्हा दोघांचं गोड कधीपासून बंद आहे?”

“वर्षाच्या सुरुवातीपासून.”

“आणि तेव्हापासून साखरेचं प्रमाण ठरवतं कोण?”

वहिनींनी नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने छताकडे पाहिलं. दर वेळी ‘जरा जास्त झालीये’, दर वेळी ‘जरा कमी कर’. गोड सुटलेल्या जिभेला काकडीसुद्धा गोड लागायला लागली होती, तिथे केकची काय कथा! जरा जरा करता करता केकमधली साखर पार हद्दपार झाली होती आणि दोघांनाही पत्ता नव्हता. ‘दिसतो सुरेख’ याचा अर्थ वहिनींना आत्ता कळला. त्या मटकन स्टुलावर बसल्या.

“म्हणजे एकट्या काकूंचा दोष नाही,” त्या कशाबशा म्हणाल्या. “बाई, तुम्ही दुसरीकडेच सांगा. माझा काही आग्रह नाही.”

हेडबाईंनी मोठा तुकडा कापून घेतला होता आणि त्या तो खात होत्या. समोर काकूंनी ते पाहिलं आणि खिडकी लावून घेतली.

“आमच्या शाळेत दर समारंभाला केक येतो,” खाऊन झाल्यावर त्या म्हणाल्या. “आणि निम्म्या शिक्षिका बिनसाखरेचा चहा धरून भिंतीला टेकून उभ्या असतात. त्यांच्यात मीही असते. डॉक्टरांनी मलाही तंबी दिलीये. माझ्याच निरोपाचा केक मी कापणार, दुसऱ्यांना भरवणार आणि हात धुणार, असंच धरून चालले होते मी. हा मात्र एक तुकडा मला खाता येईल. असाच करा. तीन मजले, वर घंटा. चिमूटभर साखर वाढवलीत, तर मी घ्यायची नाही.”

ऑर्डर वाचली होती. वहिनींनी खरं तर हुश्श करायला हवं होतं, पण त्यांना ते मानवेना. “पण बाई, मला गोड करता येतं हो!”

“येत असेल. मला नकोय,” हेडबाई म्हणाल्या आणि पर्स उचलून निघाल्या. दारातून परत वळून, घंटेला लोलक असू द्या, तेवढं बजावून गेल्या.

वहिनी बराच वेळ टेबलाशी बसून राहिल्या. आनंद करावा की अपमान मानावा, हे त्यांचं ठरत नव्हतं. शेवटी आनंदाचंच पारडं जड झालं आणि त्या घंटेच्या साच्याचा विचार करू लागल्या. मान वर केली तर चष्मेवाले आणखी एक तुकडा कापत होते.

“अहो, बाई गेल्या. काकूंनीही खिडकी लावली. आता कुणाला दाखवायला खाताय?”

“कुणालाच नाही,” चष्मेवाले म्हणाले. “भूक लागलीये.”

वहिनींनी प्लेट आणि सुरी दोन्ही त्यांच्या हातून काढून घेतली. तुकड्याचे दोन भाग केले, त्यातला मोठा कोणता ते नीट निरखून पाहिलं आणि तो आपल्याकडे ओढला.